पुढची काच आणि 'ओरिजिनल'चा हट्ट

मंडळी, आज जरा वेगळा विषय. आमच्या घरात गेले दोन महिने एका जुन्या फियाटच्या काचांवरून चर्चा चालू आहे. (काहींच्या मते वाद.) पुतण्या, सुना, जावई, सगळ्यांची मतं फोनवर देऊन-घेऊन झाली. माझं कुणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. आत्याला गाडीतलं काय कळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं आणि मग बोलावं. :)

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. जुनी गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर तिची पुढची काच लॅमिनेटेडच हवी. कारखान्यातून निघताना कुठली काच होती, हा प्रश्न दुय्यम. मागची काच जुन्या पद्धतीची, टफन्ड, असली तर खुशाल असू दे. आणि दोन्ही काचा बसवायच्या त्या मात्र जुन्याच रीतीने, रबरात. चिकटवून नाही.

आता सविस्तर.

गाडी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी. नाव पद्मिनी, पण आमच्याकडे तिला कुणी कधी पद्मिनी म्हटलं नाही, फियाटच म्हटलं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीची ही कुर्ल्याची गाडी. मूळ इटलीचं फियाट ११००. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं. भाऊ गेल्यावर गाडी पुतण्याकडे आली. त्याने ती विकली नाही, याचं मला मनापासून कौतुक आहे. इंजिन उतरवून केलं, सीटा शिवून घेतल्या, रंगही जुन्या डब्याशी जुळवून दिला.

गेल्या पावसाळ्यात चिपळूणच्या घरी गाडी माडाखाली उभी होती आणि वरून नारळ पडला. मागच्या काचेचा भुगा झाला. माणूस खाली नव्हतं, हे महत्त्वाचं. मागची काच बदलणं आलंच, तर पुढचीही बदलू असं ठरलं, कारण पुढच्या काचेवर वायपरने इतक्या वर्षांत कमानीसारखे ओरखडे पाडले आहेत. दिवसा ते जाणवत नाहीत. रात्री समोरून दिवे आले की सगळी काच पांढरी पेटते. डोळ्यांची ऑपरेशनं झालेल्या आमच्यासारख्यांना तर काहीच दिसत नाही.

पुतण्याने खटपट करून दोन काचा मिळवल्या. मागची, मुंबईतल्या एका भंगारात गेलेल्या टॅक्सीची. पुढची, एका जुन्या दुकानदाराच्या पोटमाळ्यावर पडून असलेली, कधीच न वापरलेली, त्या काळची टफन्ड काच. कोपऱ्यातला शिक्का शाबूत. तो इतका खूश झाला, की काचेचा फोटो आम्हा सगळ्यांना पाठवला. दुसरीकडे, एका काचवाल्याने त्याला सांगितलं होतं की याच मापाची नवी लॅमिनेटेड काच मिळू शकेल. पुतण्याला ती नको आहे. का, तर ती 'ओरिजिनल' नाही.

इथून वाद सुरू.

या दोन काचांमधला फरक आमच्या घरातल्याही बऱ्याच जणांना नीट ठाऊक नाही असं दिसलं, म्हणून वर्गात सांगावं तसं सांगते.

टफन्ड काच म्हणजे सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड केलेली काच. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आवळत जातो. त्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली राहतो. साध्या काचेपेक्षा ती कितीतरी मजबूत असते. पण फुटली की एका जागी फुटत नाही, सगळीच्या सगळी फुटते. साखरेच्या खड्यांसारखे बोथट तुकडे होतात. घरातली कंदिलाची काच फुटली की सुरीसारखे तुकडे पडायचे आणि आई आम्हाला तिथून हाकलायची. तसं इथे होत नाही, हा तिचा गुण.

लॅमिनेटेड काच म्हणजे दोन पातळ काचा आणि त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा. दगड लागला तर तडा जातो, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते, पण तुकडे पडद्याला धरून राहतात. काच जागेवर राहते आणि तड्याच्या आजूबाजूने समोरचं दिसत राहतं. गाडी सावकाश घरी आणता येते. शिवाय डोकं आपटलं तर पडदा ताणला जातो आणि माणूस काचेतून बाहेर फेकला जाण्यापासून बराचसा वाचतो.

म्हणजे दोन्ही काचा 'सेफ्टी ग्लास'च. प्रश्न कुठली चांगली हा नाही, कुठे कुठली हवी हा आहे.

मागच्या काचेला समोरून उडणारे दगड लागत नाहीत. ती फुटली तरी चालवणाऱ्याची नजर जात नाही. उलट, गाडी उलटली, दारं अडकली, तर मागची काच फोडून माणसं बाहेर काढता येतात. तिथे टफन्ड काच योग्यच. आजच्या बहुतेक गाड्यांनाही मागे टफन्डच असते. म्हणून टॅक्सीची ती मागची काच माझ्या मते बिनदिक्कत बसवावी. फक्त तिच्या कडा बोट फिरवून तपासाव्यात. टफन्ड काचेचा जीव कडेत असतो. मधे ठोसा सोसते, पण कडेला टवका उडालेला असेल तर कधी दगा देईल सांगता येत नाही. शिवाय ही काच कापता किंवा घासून लहान करता येत नाही, त्यामुळे माप जमलं तर जमलं. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची गेली. तेव्हा अशा काचा यापुढे दुर्मीळच होणार. मिळाली आहे तर जपावी.

(त्या काचेवर 'आई एकवीरा प्रसन्न' या स्टिकरची पुसट अक्षरं अजून दिसतात. पुतण्या ती ब्लेडने खरवडायला निघाला होता. वहिनी म्हणाल्या, "राहू दे. कुणाचं तरी पोट भरलंय त्या गाडीवर." विषय संपला. ब्लेडने काचेवर चरे पडतात, हे माझं कारण मला द्यावंच लागलं नाही.)

पुढच्या काचेचं मात्र वेगळं आहे. पुढची टफन्ड काच धावत्या गाडीत फुटते म्हणजे काय होतं, ते आमच्या घरातल्या चार माणसांनी पाहिलं आहे. त्यातली एक मी.

मे १९८६. मुंबईहून चिपळूणला निघालो होतो. भाऊ गाडी चालवत होता, पुढे वहिनी आणि त्यांच्या मांडीवर हाच पुतण्या, तेव्हा तीन वर्षांचा. मागे मी आणि आमची आई. कशेडीचा घाट उतरत असताना समोरून आलेल्या खडीच्या ट्रकमधून एक खडा उडाला. सुपारीएवढासुद्धा नसेल. फट्ट असा आवाज झाला आणि समोरचं जगच गेलं. रस्ता नाही, कठडा नाही, नुसती पांढरीशुभ्र भिंत. डाव्या हाताला दरी होती. भावाने खिडकीतून मान बाहेर काढली आणि रस्त्याची कड बघत बघत गाडी थांबवली. दोन-तीन सेकंदांचा खेळ. मग टॉवेल हाताला गुंडाळून त्याने काच बाहेर ढकलली आणि आम्ही तसेच, तोंडावर वारा आणि धूळ घेत, खेडपर्यंत गेलो. वहिनींनी पदर पोराच्या डोळ्यांवर धरून ठेवला होता. काचेचे खडे पुढे कित्येक वर्षं सीटच्या शिवणीत सापडत असत.

त्या घटनेची पुतण्याला आठवण असणं शक्य नाही. पण त्यातून दोन गोष्टी निघतात, त्या त्याला मान्य कराव्या लागतील.

पहिली अशी, की आज ज्या काचेला तो ओरिजिनल म्हणतो आहे आणि जिच्या जागी 'अगदी तशीच' बसवायला निघाला आहे, ती मुळात कारखान्यातली नाहीच. ती १९८६ साली बसवलेली आहे. तेव्हा गॅरेजवाल्याकडे टफन्डच होती, म्हणून टफन्ड बसली. निवड नव्हती. नाइलाजाला परंपरा म्हणायची सवय आपल्याला फार.

दुसरी, लॅमिनेटेड काच म्हणजे काहीतरी आजकालचं, जुन्या गाडीला विजोड, असं जे तो म्हणतो, ते तर इतिहासाला धरून नाही. (इतिहास हा माझा विषय, तेव्हा इथे मी हक्काने बोलते.) एदुआर बेनेदिक्त्युस नावाच्या फ्रेंच माणसाच्या हातून १९०३ साली काचेचा एक चंबू पडला. तो तडकला, पण विखुरला नाही, कारण त्याच्या आत सेल्युलोज नायट्रेट वाळून त्याचा थर बसला होता. त्यावरून त्याने अशी काच तयार केली आणि १९०९ साली पेटंट घेतलं. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या गॅस मास्कच्या डोळ्यांना हीच काच होती. फोर्डची मॉडेल ए गाडी १९२७ च्या अखेरीस बाजारात आली, तिला पुढे लॅमिनेटेड काच होती. सुरुवातीचा सेल्युलॉइडचा पडदा उन्हाने पिवळा पडायचा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आजचा पडदा, पीव्हीबी, आला आणि तीही तक्रार गेली. म्हणजे लॅमिनेटेड काच आमच्या फियाटपेक्षा सत्तर वर्षांनी मोठी आहे. आपल्याकडे आणि इंग्लंडातही कित्येक गाड्यांना टफन्ड काच असायची, त्याचं मोठं कारण म्हणजे ती स्वस्त पडायची. आता सांगा, खर्च वाचवण्यासाठी केलेल्या गोष्टीला आपण वारसा म्हणून कवटाळायचं का?

पुढे आपल्या सरकारलाही हे पटलं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम १०० मध्ये, हे नियम लागू झाल्यावर तीन वर्षांनंतर तयार होणाऱ्या प्रत्येक गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असावी असं म्हटलं आहे. १९७९ च्या गाडीला ही सक्ती नाही, हे पुतण्याचं म्हणणं बरोबर आहे. पण सक्ती नाही म्हणजे शहाणपणाला मनाई आहे असं थोडंच?

त्याची दुसरी अडचण व्हिंटेज नोंदणीची. गाडीची पन्नाशी जवळ येते आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांच्या वेगळ्या नोंदणीचा नियम केला. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात हवी. काच बदलली तर ती नोंदणी जाईल, अशी त्याला भीती. पण त्या नियमात मोठा बदल म्हणून जे सांगितलं आहे ते चासिस, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांच्याबद्दल आहे. त्याच आकाराची, त्याच रबरात बसणारी काच यातलं काहीच बदलत नाही. आणि एक गोष्ट तो सांगायची विसरतो. त्या नोंदणीची गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढता येते. वहिनींना तर दर गुरुवारी त्याच गाडीतून दत्ताच्या देवळात जायचं असतं. त्यांचं म्हणणं एका वाक्याचं आहे, "मला समोरचं दिसलं म्हणजे झालं."

आता पुतण्याची बाजूही मांडायला हवी, नाहीतर हा एकतर्फी निबंध होईल. तो म्हणतो, आज काच, उद्या दिवे, परवा डॅशबोर्ड. असं करत करत शेवटी बाबांची गाडी उरणार कुठे? हा मुद्दा मला लागला. कोकणातली काळ्या दगडाची, जांभ्याची देवळं आपण पाहतो. जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्यांना ऑइलपेंट फासतात, सभामंडपात टाइल्स बसवतात. ते पाहून माझा जीव तुटतो. तेव्हा जुनं ते टाका असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

पण त्यातच उत्तर आहे. ऑइलपेंट वाईट का? कारण तो दगडावरून पुन्हा पूर्णपणे काढता येत नाही. जो बदल मागे घेता येतो, तो जुन्या वस्तूचा अपमान नाही. गोधडीला ठिगळ लावतो, ते उसवता येतं. रबरात बसवलेली काच तशीच आहे. आज लॅमिनेटेड बसवा, उद्या प्रदर्शनात न्यायची असेल तर तासा-दोन तासांत काढून शिक्क्याची काच लावा. गाडीला कळणारही नाही.

म्हणूनच काच चिकटवण्याला माझा ठाम विरोध आहे. हल्लीच्या गाड्यांच्या काचा पॉलियुरेथेनने पत्र्याला चिकटवलेल्या असतात. त्या गाड्यांची रचनाच तशी असते, काच सांगाड्याला बळ देते. पण एका गॅरेजवाल्याने पुतण्याला सल्ला दिला, की रबराचं झंझट नको, ही काचही चिकटवून देतो, पाणी गळणार नाही. हा सल्ला कृपा करून ऐकू नका. पद्मिनीची काच रबराच्या खोबणीत बसवण्यासाठी केलेली आहे. चिकटवली तर पुढच्या वेळी ती धड निघणार नाही, आणि काढताना पत्र्याची कड सोलवटेल ती वेगळीच.

आमच्या चिपळूणच्या जुन्या मिस्त्रींना काच बसवताना मी १९८६ साली समोर उभं राहून पाहिलं आहे. रीत इतकी सोपी आणि सुंदर आहे, की मुलांना विज्ञानाच्या तासाला दाखवावी. आधी रबर काचेभोवती चढवायचं. रबराच्या बाहेरच्या खोबणीत, जिथे गाडीच्या पत्र्याची कड जाणार असते, तिथे सगळीकडून एक बारीक मजबूत दोरी भरायची. तिची दोन्ही टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून घेऊन गाडीच्या आत सोडायची. साबणाचं पाणी लावायचं. एकाने बाहेरून तळव्यांनी काच दाबून धरायची, दुसऱ्याने आत बसून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघत जाते तसतशी रबराची जीभ पत्र्याच्या कडेवर पलटत जाते. घाई केली की रबर फाटतं. शेवटी ती चकचकीत पट्टी.

आणि रबर नवंच हवं. जुन्या, कडक झालेल्या, भेगा पडलेल्या रबरात नवी काच बसवणं म्हणजे फाटक्या पिशवीत अंडी. त्याआधी खालच्या दोन कोपऱ्यांतला पत्रा उघडा करून पाहायचा. पावसाचं पाणी तिथेच साठतं, गंज तिथेच धरतो. गंज फुगतो, काचेला आतून रेटतो, आणि मग लोक म्हणतात, काच आपोआप तडकली. पायाखालची चटई सतत ओली राहत असेल तर तिथेच बघावं. कोकणात तर बघावंच. गंजावर नुसती पुट्टी मारून वर काच बसवणाऱ्याला पैसे देऊ नयेत. नव्या काचेच्या कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का आणि आयएस २५५३ हा मानकाचा आकडा वाचून घ्यावा. चष्मा लावून वाचावा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नये.

तर माझा निवाडा असा. मागे टॅक्सीची काच, एकवीरेसकट. पुढे नवी लॅमिनेटेड. दोन्हीकडे नवं रबर. पोटमाळ्यावरची ती शिक्क्याची काच फेकायची नाही, विकायचीही नाही. गोधडीत गुंडाळून, खाली लाकडी पट्टी देऊन, भिंतीशी उभी ठेवायची. आडवी ठेवू नये आणि लादीवर थेट टेकवू नये, कड दुखावते. प्रदर्शनाच्या दिवशी लावावी, मिरवावी, परत काढून ठेवावी.

वस्तू जपायची म्हणजे ती बनली त्या दिवशी जशी होती तशी गोठवायची, असं काहींना वाटतं. संग्रहालयासाठी ते बरोबर आहे. पण घरातल्या वस्तूला वापर असतो, आणि त्या वापरात माणसं असतात. भावाने ती गाडी मिरवायला घेतली नव्हती. आईला दवाखान्यात न्यायला, पोरांना सुट्टीत गावी आणायला घेतली होती. त्यात जे 'ओरिजिनल' होतं ते हे. त्याची आज दोन पणतवंडं पुढच्या सीटसाठी भांडतात (त्यांना मागेच बसवावं, हे आणखी एक मत फुकट देते). आता त्या गाडीला पट्टेही लावून घेतले आहेत, आणि त्या वेळी कुणी ओरिजिनलचं नाव काढलं नव्हतं. मग काचेलाच हा सोवळेपणा का?

घरच्यांनी आपापली मतं खाली लिहावीत. ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत अशा ब्लॉगवाल्या मित्रमैत्रिणींनी तर नक्कीच. आणि आज संध्याकाळी एकदा आपल्या गाडीच्या पुढच्या काचेचा कोपरा बघून या. काय लिहिलंय ते कळवा.